प्रत माहितीसाठी रवाना

नेमणुकीच्या हुकमावर साहेबाची सही पडली की त्या क्षणी माणूस जन्माला येतो आणि त्याआधीचं त्याचं सगळं आयुष्य गर्भवासात धरावं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला. तो म्हणजे आमच्या कचेरीच्या रेकॉर्डरूममधले आबा. कचेरी साताऱ्याकडच्या एका डोंगराळ तालुक्याची. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं मला अजून बाजारात भेटतात आणि चहा पाजतात. नव्वदच्या आगेमागे मी तिथं आस्थापना शाखेत बदलून आलो. नेमणुकांचे, बदल्यांचे हुकूम टाइप करायचं काम माझं, आणि ते जन्मभर बांधून ठेवायचं काम आबांचं. हजर झालो त्या दिवशी मी रीतसर नाव-गाव सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि पहिली ऑर्डर कुठली ते विचारलं. मी म्हटलं, मेढा. 'मग मेढेकर,' असं म्हणून ते कामाला लागले. मी मूळचा वाईचा, आडनाव भलतंच, पण आबांनी शेवटपर्यंत मला मेढेकरच म्हटलं. पुढं ते एकदा घरी आले तेव्हा माझ्या सासूबाई आतून ऐकत होत्या. जावयानं लग्नात आडनाव खोटं सांगितलं की काय, या शंकेनं त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं कमी केलं होतं.

आबांची रेकॉर्डरूम म्हणजे कचेरीच्या मागच्या अंगाची एक लांबट, कोंदट खोली. लाकडी घोडे, म्हणजे फळ्यांच्या मांडण्या, छतापर्यंत भिडलेले आणि त्यांवर लाल कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. या गठ्ठ्याला कचेरीत रुमाल म्हणतात. रुमालाची गाठ आबा स्वतः मारत आणि ती गाठ दुसऱ्या कुणी सोडून पुन्हा बांधली तर त्यांना दुरून कळे. मग ते चौकशी न करता कचेरीभर एकेकाच्या बोटांकडे बघत फिरत. खोलीत चहाला बंदी होती. स्वतः आबाही चहा उंबऱ्याबाहेर उभं राहून पीत, आणि ज्या हातानं कागद हाताळायचे तो हात तेवढा वेळ पाठीमागं धरून ठेवत. वाळवीसाठी कडुलिंबाचा पाला, उंदरांसाठी मांजर. या मांजरीवरून मी एकदा त्यांची थट्टा केली. दुपारी काम नव्हतं म्हणून मी चक्क तिच्या नेमणुकीचा हुकूम टाइप केला. 'मांजर, मादी, रंग करडा, हिची मूषक निर्मूलनाच्या कामी निव्वळ हंगामी स्वरूपात नेमणूक करण्यात येत आहे' वगैरे. वाटलं होतं, आबा हसतील. त्यांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला आणि हरकत घेऊन परत पाठवला. हरकत अशी, की खाली प्रती कुणाकुणाला रवाना केल्या याची यादी नाही.

या खालच्या यादीवर आबांचा फार जीव. कुठलाही हुकूम हातात आला की ते तो तळापासून वर वाचत. वरचा मजकूर काय, सगळीकडे सारखाच असतो, असं त्यांचं म्हणणं. अमक्याला नेमलं, तमक्या तारखेला हजर व्हावं. खरी मौज खाली, जिथं 'प्रत माहितीसाठी रवाना' असं लिहून चार-सहा कचेऱ्यांची नावं असतात. एकदा मी याचं कारण विचारलं तेव्हा ते बराच वेळ दोरी गुंडाळत बसले आणि मग म्हणाले, "मेढेकर, अस्सल कागद ज्याचा त्येच्याकडं जातो. त्यो बिचारा त्येला देवाम्होरं ठेवतो, टरंकेत ठेवतो, लय जपतो, आन् जपता जपता हरवतो. प्रतीला कोण जपत न्हाई. म्हणून ती ऱ्हाती."

माणसांच्या सुखदुःखातही आबांचं हे दप्तर सुटत नसे. आमच्याकडचे एक म्हातारे सर्कलसाहेब वारले तेव्हा आम्ही सगळे मातीला गेलो. माणूस मोठा, गर्दी मोठी. परतताना थोरल्या मुलानं आबांचा हात धरला आणि वडिलांबद्दल दोन शब्द ऐकायला मिळतील या आशेनं त्यांच्याकडं पाहिलं. आबांच्याही डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले की माणूस सोन्यासारखा, पण त्यांची पहिली नेमणूक तात्पुरत्या स्वरूपात झाली होती आणि कायम केल्याचा कागद आपल्या दप्तरी कधीच आला नाही. ही गोष्ट त्यांना हयातीत सांगायचा धीर झाला नाही. आयुष्यभर तालुका हलवणारा बाप अखेरपर्यंत तात्पुरता होता, हे त्या मुलाला त्या दिवशी कळलं.

पण आबांच्या दोन सवयी अशा होत्या की त्यांचं मला हसू येण्याऐवजी कुतूहल वाटे. पहिली म्हणजे, कागद सापडला नाही तर 'दप्तरी आढळ होत नाही' असं एका ओळीत लिहून मोकळं व्हायची सरकारी रीत आबांना मान्य नव्हती. ती ओळ त्यांनी मेले तरी लिहिली नसती. अर्जावर ते 'शोध चालू आहे' असं लिहीत आणि अर्ज एका पत्र्याच्या पेटीत ठेवत. त्या पेटीत काही अर्ज असे होते की अर्जदार थकून गेले, त्यांची मुलं नोकरीला लागून बदलूनही गेली, पण शोध चालूच. साहेब चिडत, तपासणीत शेरे येत, आबा मान खाली घालून ऐकून घेत आणि पुन्हा तेच लिहीत. दुसरी सवय रजेची. वर्षाची किरकोळ रजा आबा एकेक दिवसानं काढत आणि त्या दिवशी बगलेत एक लांबट वही, पिशवीत भाकरी घेऊन एसटीनं दुसऱ्या कुठल्या तरी तालुक्याला जात. तिथं काय, तर तिथल्या कचेरीच्या रेकॉर्डरूममध्ये जाऊन बसायचं. म्हणजे हलवायानं सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या गावी जाऊन जिलब्या मोजाव्यात, तसला प्रकार. सातारा झालं की सांगली जिल्ह्यात शिरत. एकदा जतला जाऊन आले आणि आठवडाभर उदास होते. तिथं पाण्याच्या टँकरपाशी हंड्यांची रांग लागली होती, शिपाई कानडीत बोलत होता, त्यानं यांना ताक दिलं, सगळं ठीक. पण जत म्हणजे जुनं संस्थान. इंग्रजांच्या साताऱ्याचे कागद तिथं कधी गेलेच नव्हते, आणि हे आबांच्या तिथं पोचल्यावर लक्षात आलं. आबांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, मी या फेऱ्यांबद्दल विचारलं तर त्या भाजी निवडत शांतपणे म्हणाल्या, "सवत असती तर बरं झालं असतं. कवातरी म्हातारी तरी झाली असती."

या दोन्ही सवयींचं मूळ एकच आहे, हे मला एका बाईमुळं कळलं. आबांच्या निवृत्तीला पाच-सहा महिने राहिले होते. एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला डोंगरातल्या एका गावाहून साठीची एक बाई आली. नऊवारी नीटनेटकी, पायांत चपला नव्या, बहुधा कचेरीसाठीच घातलेल्या. तिनं आपलं काम मला सांगितलं आणि मी तिला आबांपुढं नेलं. काम साधं होतं. गावात सरकारी दवाखान्याच्या उपकेंद्राची नवी इमारत झाली होती. पहिल्यापासून गावात आरोग्याचं सरकारी काम केलेल्या सगळ्यांची नावं तिथं एका फलकावर रंगवायची ठरली होती. या बाईची आई सुईण होती. अर्ध्या गावाची नाळ तिनं कापली होती, सरपंचांच्या वडिलांचीसुद्धा. पण गावाचं म्हणणं पडलं, की सुईणी तर घरोघर असतात, नारळ आणि खण घेऊन जातात, त्या सरकारी कशा? सरपंच माणूस वाईट नव्हता. त्यानं सांगितलं, कागद आणा, सगळ्यात वर नाव घालतो. दोन आठवड्यांवर उद्घाटन होतं.

"आवं, माजी आई सरकारी हुती," ती म्हणाली. "तिला हुकूम आल्ता. मी आठ वर्साची आसंन. तलाठ्यानं पारावर बसून वाचून दावला. लोकल बोर्डाचा हुकूम, म्हनला. आईनं त्यो चुलीच्या वरच्या फळीवर ठिवला, आन् उंदरांनी नेला. लोकं मला म्हनत्यात, तू सपान बगितलंस."

एरवी अशा वेळी आबा खुलत. साल कोणतं, महिना कोणता, सहीचा साहेब गोरा की काळा, असे प्रश्न विचारून ते माणसाला हैराण करत. त्या दिवशी त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. लोकल बोर्ड हा शब्द ऐकला आणि ते घोड्याला धरून उभे राहिले. मग बाईला म्हणाले, आठ दिवसांनी या. ती गेल्यावर त्यांनी मला आत बोलावलं, दार लोटलं, आणि मांजरीला स्टुलावरून उठवून मला बसायला लावलं.

"त्या बाईचा कागद उंदरांनी न्हाई, मी खाल्ला," आबा म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. आबा या खोलीत नवीन असताना दप्तराची वर्गवारी करायचं काम त्यांच्याकडं आलं. कायम ठेवायचे कागद 'अ' वर्गात, वर्षभरानं नष्ट करायचे ते 'ड' वर्गात, मधले ब आणि क मध्ये. त्याच सुमाराला जुनं लोकल बोर्ड बरखास्त होऊन जिल्हा परिषदा आल्या होत्या. लोकल बोर्डानं नेमलेले देवी टोचणारे, सुईणी, असल्या लोकांच्या हुकमांच्या प्रतींचा एक अख्खा रुमाल इथं होता. नव्या उमेदीच्या आबांनी विचार केला, की बोर्डच राहिलं नाही तर त्याचे कागद कुणाला हवेत. त्यांनी गठ्ठ्यावर 'ड' लिहिलं. यादी मंजूर होऊन आली आणि मागच्या अंगणात तो रुमाल इतर रद्दीबरोबर जळाला. दोनेक वर्षांनी एक म्हातारा आला. जन्मभर डोंगर तुडवत पोरांना देवी टोचलेला. त्याला आपल्या नेमणुकीचा दाखला हवा होता. आबांनी त्याला 'दप्तरी आढळ होत नाही' असं लिहून दिलं. म्हाताऱ्यानं तो कागद दोनदा घडी घातला, बंडीत ठेवला आणि आबांनाच नमस्कार करून गेला. तेव्हापासून आबांनी ती ओळ लिहिली नाही. आणि तेव्हापासून रजेच्या फेऱ्या. ज्या काळातले ते हुकूम होते त्या काळात सातारा आणि सांगली मिळून एकच जिल्हा होता. एकाच हुकमात अख्ख्या जिल्ह्याची नावं असत आणि त्याची प्रत प्रत्येक तालुक्याला जाई. म्हणजे इथं जळालेला कागद दुसरीकडं कुठंतरी असणार. तीस वर्षं आबा तो रुमाल दुसऱ्यांच्या दप्तरांतून एकेक नाव करून परत गोळा करत होते. वही त्यांनी माझ्यापुढं ठेवली. देवी टोचणारे बरेच सापडले होते. सुईणींचं पान कोरं होतं. दोन कचेऱ्या राहिल्या होत्या, दोन्ही सांगलीकडच्या, आणि त्यातल्या एकीत आबांनी मुद्दाम आत पाऊल टाकलं नव्हतं. तिथला रेकॉर्डकीपर आल्या-आल्या विचारायचा, तुमच्याकडची प्रत कुठं आहे? त्याला काय सांगायचं, म्हणून आबा दारातून दोनदा परत आले होते.

मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर निघालो. खरं सांगायचं तर मला त्या बाईपेक्षाही त्या कागदाची उत्सुकता लागली होती. पहिल्या कचेरीत काही मिळालं नाही. मुक्काम आष्ट्याला आबांच्या बहिणीकडं केला, कारण आबा मूळचे तिथले. तिनं आम्हाला भाकरी-खर्डा वाढला आणि भावाला या वयात रजा टाकून हिंडतो म्हणून जेवण होईपर्यंत बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी साडेदहाला आम्ही त्या नको असलेल्या कचेरीत हजर. रेकॉर्डकीपर आबांच्याच वयाचा, तंबाखू मळत बसलेला. त्यानं तंबाखू तोंडात टाकायच्या आधी तोच प्रश्न विचारला. आबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "आमच्याकडची प्रत मी ड मधी घातली. जळाली. चूक माजी हाय," ते म्हणाले. त्या माणसानं तंबाखू परत डबीत टाकली. मग उठून किल्ली घेऊन आला आणि म्हणाला, "तीन वेळा आला असता तर तीन वेळा उघडलं असतं की. मला वाटायचं, आमची तपासणी करायला येताय."

दुपारी तीनच्या सुमाराला 'किरकोळ' असं लिहिलेल्या रुमालात तो कागद सापडला. कार्बनची प्रत, अक्षरं फिकट जांभळी, कडा कुरतडलेल्या. वर चौदा देवी टोचणारे, त्याखाली तीन सुईणी. तिसरं नाव बाईच्या आईचं, पुढं गाव, पुढं आमचा तालुका. मी ते नाव वाचून जवळजवळ ओरडलोच. आबांनी मात्र सवयीप्रमाणं कागद खालून वाचायला घेतला होता. 'प्रत माहितीसाठी रवाना' च्या यादीत आमच्या कचेरीचं नाव होतं, आणि समोर रवाना झाल्याची बारीक खूण. ते त्या खुणेवर बोट ठेवून बसून राहिले. नावापर्यंत पोचायला त्यांना वेळ लागला.

इथं मी एक शहाणपणा केला. कागद आमच्या कचेरीला पाठवला होता हे त्यात लिहिलेलं. ही नक्कल अशीच नेली तर साहेब पहिला प्रश्न विचारणार, आपली प्रत गेली कुठं? निवृत्तीला थोडे महिने उरलेले, सेवापुस्तक कोरं करकरीत. मी हळूच सुचवलं, की पूर्ण नक्कल कशाला, सुईणींच्या नावांपुरता उतारा घेऊ. बाईचं काम भागेल आणि खालचं खालीच राहील. रेकॉर्डकीपरनंही मान डोलावली. आबांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. रागानं नाही, अनोळखी माणसाकडं बघतात तसं.

"मेढेकर," ते म्हणाले, "एकदा सबंद जाळला. आता अर्दा कापू?"

पूर्ण नक्कल घेऊन आम्ही परत आलो. बाई ठरल्या दिवशी आली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून आबांनी उंबऱ्यात उभं राहून, मोठ्यानं, पारावर वाचावा तसा तो हुकूम वाचून दाखवला. या वेळी वरून खाली. तिनं कागदावर आईचं नाव कुठं आहे ते विचारून तिथं अंगठा ठेवला आणि म्हणाली, "म्हंजे मी सपान न्हवतं बगितलं." आबांनी तिला आपली चूकही सांगितली. तिला त्यातलं ड आणि अ काही समजलं नसावं. कागद जळाला एवढं समजलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि आबांनाच म्हणाली, की माझ्या घरी उंदरांनी नेला, तुमच्या घरी जाळ लागला, दोनीबी सारखंच. आबांना हे पटलं नाही.

त्याच दिवशी त्यांनी स्वतःविरुद्ध अहवाल लिहून साहेबांपुढं ठेवला. साहेब वैतागले. कुणी विचारलेलं नाही, इतकी वर्षं झाली, कशाला उकरून काढता, असं म्हणत त्यांनी तो कागद परत सरकवला. आबा जागचे हलेनात. शेवटी साहेबांनी ताकीद द्यायचं ठरवलं आणि ती टाइप करायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. आबांच्या सेवापुस्तकात जाणारा पहिला शेरा मी टाइप करत होतो, आणि मला तो जितका बारीक अक्षरांत करता येईल तितका करावासा वाटत होता. खाली मी फक्त 'प्रत सेवापुस्तकी' एवढंच लिहिलं. आबांनी कागद खालून वाचला आणि हरकत घेऊन परत दिला. त्यांनी मला यादी सांगितली. ज्या ज्या कचेऱ्यांत ते वही घेऊन बसले होते त्या सगळ्या, सातारा आणि सांगली दोन्हीकडच्या. मी म्हटलं, आबा, स्वतःची ताकीद कुणी गावभर वाटतं का? ते म्हणाले, "आपल्याकडं हरवली तर? दुसरीकडं असू दे की." मी कार्बन भरभरून दोनदा टाइप केलं. साहेबांनी न वाचता सह्या केल्या.

उद्घाटनाला आबांना बोलावणं होतं. मीही गेलो. उपकेंद्राच्या व्हरांड्यात निळ्या रंगाचा फलक, त्यावर पांढऱ्या अक्षरांत नावं. सरपंचानं शब्द पाळला होता. आबांनी फलकही खालूनच वाचायला घेतला. हल्लीच्या नर्सबाईपासून एकेक नाव वर चढत गेले आणि बाईच्या आईचं नाव त्यांना सगळ्यात शेवटी सापडलं. तिथवर पोचल्यावर त्यांनी टोपी काढली. मग आम्ही पेढे खाल्ले आणि तीनच्या गाडीनं परत आलो.

निवृत्त होऊन आबा आष्ट्याला गेले. ती लांबट वही त्यांनी रेकॉर्डरूममध्येच ठेवली, लाल कापडात बांधून, वर स्वतःच्या हातानं 'अ' लिहून. सुरुवातीला पत्रं येत. त्यांत मांजरीची चौकशी असे. नंतर बहिणीचं एक पत्र आलं. ते हिंडत हिंडत मला पोचलं तेव्हा आबांचं तेरावं होऊन गेलं होतं. त्यांना शेवटचं भेटायचं राहून गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

दशक सरता सरता माझी बदली सांगलीकडच्या एका तालुक्याला झाली, आणि योगायोग असा की दप्तराच्या वर्गवारीचं काम या वेळी माझ्याकडं आलं. नष्ट करायच्या 'ड' कागदांचा गठ्ठा माझ्यापुढं ठेवलेला होता, यादी तयार होती, फक्त सही बाकी. मी तो गठ्ठा सोडून बघायला लागलो, कारण आबांबरोबर राहिल्यावर न बघता सही करणं जमत नाही. मध्यावर एक कार्बनची प्रत निघाली. टाइप माझाच होता, 'क' चं दांडकं तुटलेलं ते जुनं यंत्र मी कुठंही ओळखीन. आबांची ताकीद. दुसऱ्या कचेरीतल्या एका कारकुनाला दिलेली जुनी ताकीद, इथं तिचं काय काम? नियमानं ती 'ड' मध्येच होती आणि ज्यानं घातली त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मी 'ड' वर काट मारली आणि लाल पेन्सिलीनं 'अ' लिहिलं. नियमात बसत नाही, मला माहीत आहे. मग कागद नीट धरून खालपासून वाचायला लागलो. एकूण नऊ कचेऱ्यांची नावं आहेत. बाकीच्या आठ ठिकाणी त्या प्रतींचं काय झालं असेल, मला ठाऊक नाही. माझी किरकोळ रजा अजून शिल्लक आहे. पहिल्यांदा मेढ्याच्या बाजूनं सुरुवात करावी, असं मनात आहे.